देवापुढे लोकर, बाजारात मातीमोल

दिवाळी तोंडावर आली की कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोली या गावी विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. हातकणंगले तालुक्यातील या गावाची वाट धरून महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून धनगर समाज लोटतो. छत्र्या नाचतात, ढोल आणि कैताळ घुमतात, फरांडेबाबा तलवार घेऊन हेडाम खेळतात आणि मग भाकणूक होते. पाऊस कसा पडेल, धान्याची धारण चढेल की उतरेल, हे ऐकण्यासाठी हजारो कान टवकारलेले असतात. त्याच वेळी आकाशात भंडारा उधळला जातो. त्यात खारीक-खोबरे असते आणि लोकरही असते. ज्याच्या घरी जे पिकते ते तो देवाला वाहतो. मेंढपाळाच्या घरी लोकर पिकते.

पिकते, असे तरी अजून म्हणावयाचे. कारण लोकरीची धारण सांगावयास भाकणुकीची गरज उरलेली नाही. ती मातीमोल झाली आहे. दख्खनी मेंढीच्या अंगावरून वर्षाकाठी सरासरी किलोभरही लोकर निघत नाही. ती जाडीभरडी, बहुधा काळी, केसमिश्रित असते. एके काळी कातरणाऱ्याची मजुरी लोकरीतूनच भागत असे. आता मजुरी पदरची द्यावी लागते आणि कातरलेली लोकर पुष्कळदा रानातच टाकून कळप पुढे जातो.

ही लोकर ज्याच्या दारी जावयाची तो सणगर. लोकर पिंजावयाची, चरख्यावर सूत कातावयाचे, ताण्याला चिंचोक्यांची खळ चोपडून तो उन्हात वाळवावयाचा आणि मग खड्डामागावर बसून घोंगडी विणावयाची, असा हा घरादाराचा व्यवसाय. मराठी भाषेने या कष्टाची आठवण ‘भिजत घोंगडे’ या एका वाक्प्रचारात तेवढी जपून ठेवली आहे, आणि तीही दिरंगाईचे प्रतीक म्हणून! वास्तविक भिजणे हाच घोंगडीचा धर्म. पावसाळ्यात तिची खोळ डोक्यावर घेऊन शेतकरी दिवसभर चिखलात उभा राही. ती भिजूनही अंगाला ऊब देई. पुढे प्लॅस्टिकचे इरले आले, गिरणीची स्वस्त ब्लँकेटे आली, आणि घोंगडी उरली ती देवघरापुरती, लग्नकार्यापुरती आणि शहरी हौसेपुरती.

येथवरची कहाणी कोणत्याही मरणपंथी हस्तव्यवसायाची आहे. या प्रकरणातील विशेष मात्र पुढेच आहे. येथे केवळ माग थांबला नाही. मेंढीच्या अंगावरची लोकरच नाहीशी होऊ लागली आहे. लोकरीला दाम नाही आणि मटणाला मात्र आहे, हे ओळखून मेंढपाळाने कळपात माडग्याळी नर सोडला. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याची ही जात उंच, थोराड, लवकर वजन धरणारी. तिच्या अंगावर कातरण्याजोगी लोकर जवळजवळ नसतेच. दोन-चार पिढ्यांत कळपाचे रूप पालटते.

याबद्दल मेंढपाळास दोष देणे हा शहाजोगपणा होईल. संस्कृती टिकावी म्हणून त्याने तोटा सोसावा, असे सांगण्याचा अधिकार घोंगडी न पांघरणाऱ्या आपणांस कोणी दिला? परंतु शासनाच्या धोरणाला तेवढी सूट देता येत नाही. मेंढीसुधारणेच्या नावाखाली प्रथम मेरिनो आणि राम्बुले या विदेशी जातींचे नर आणून मऊ लोकरीचा ध्यास घेतला गेला. रोज मैलोगणती चालणाऱ्या कळपांतून तो प्रयोग फारसा रुजला नाही. मग भर आला मांसावर. जी लोकर येथे होतीच, तिचा उपयोग काय, हा साधा प्रश्न दोन्ही वेळा कोणी गांभीर्याने विचारला नाही. जाड लोकरीची घोंगडी होते, तुडवून-थापून जेन होते. उष्णतारोधक अस्तर आणि नमदे यांनाही मऊ सूत लागत नाही. आश्रमशाळांतील आणि वसतिगृहांतील मुलांना दरसाल पांघरुणे घ्यावीच लागतात. त्यांतील काही हिस्सा सणगरांच्या मागावरून घ्यावयास कोणती अडचण आहे? कातरणीच्या हंगामात गावोगाव लोकर तोलून रोख पैसे देणारे केंद्र असेल, तर दख्खनी नर राखण्यास मेंढपाळाला निदान एक कारण तरी मिळेल. कोरड्या माणदेशातून कोकणाकडे पायी जाणारी, मुरमाड माळावर तगणारी ही काटक जात एकदा संकरात विरून गेली, तर ती पैसे मोजून परत आणता येणार नाही.

डॉ. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ मध्ये ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात पंढरीच्या विठ्ठलाची मुळे धनगर-गवळ्यांच्या देवांत शोधली. त्याआधी जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी बिरोबा-खंडोबाच्या शोधात धनगरांचे वाडे पालथे घातले होते. विद्वानांनी देवाचे गोत्र मेंढरांपर्यंत नेऊन भिडविले, आणि आपण त्या मेंढरांकडे केवळ किलोच्या भावाने पाहत आहोत.

माडग्याळी कळपाचा धनी यात्रेला यावयाचे थोडेच थांबणार आहे? तो येईल, भंडारा घेऊन येईल, खारीक-खोबरेही बाजारातून घेईल. लोकर मात्र त्याला दुसऱ्याच्या कळपातून मागून आणावी लागेल.