कराराच्या पोलिसांचे पहिले वर्ष : कॅम्डेन शहरातील गुन्ह्यांचे आकडे व त्यांचा अर्थ

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, डेलावेअर नदीच्या काठी, फिलाडेल्फियाच्या समोर कॅम्डेन हे लहानसे शहर वसलेले आहे. 2013 सालच्या मे महिन्याच्या आरंभी या शहराने आपले दीर्घकाळ चालत आलेले पोलीस खाते बंद केले आणि त्याच नावाच्या काउंटीने नव्याने उभारलेल्या पोलीस दलाकडे शहराचा बंदोबस्त करारान्वये सोपविला. आदल्या वर्षी, म्हणजे 2012 मध्ये, शहरात 67 खून झाले होते. 2013 मध्ये 57 झाले. दहा खून कमी झाले ही समाधानाची गोष्ट होय, यात वाद नाही. परंतु ते कराराने कमी केले काय, हा प्रश्न निराळा आहे, आणि तो दिसतो तितका सोपा नाही. मिनीॲपोलिस येथे 2020 मध्ये पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाल्यानंतर ‘पोलीस खाते मोडून नवे उभारता येते’ याचा दाखला म्हणून कॅम्डेनचे नाव देशभर घेतले गेले. त्यामुळे या आकड्यांवर इतर शहरांतील नागरिकांचीही सुरक्षितता अवलंबून राहू लागली, आणि म्हणूनच त्यांची तपासणी अवश्य ठरते.

प्रथम शब्दाचा विचार केला पाहिजे. ‘कंत्राटी पोलीस’ असे म्हटले की मराठी वाचकाच्या मनात ठरावीक मुदतीसाठी नेमलेला, कायम नोकरीचे संरक्षण नसलेला शिपाई उभा राहतो. महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे सुमारे 3,000 जवान मुंबई पोलिसांच्या मदतीस घेण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला, तेव्हा वृत्तपत्रांतून जो वाद झाला तो याच अर्थाने. येथे करार माणसाशी आहे. आपल्याकडे दुसराही एक प्रकार जुना आहे. 1951 च्या मुंबई पोलीस अधिनियमात (आजच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमात) खाजगी व्यक्तीने खर्च सोसल्यास जादा पोलीस देण्याची तरतूद आहे; क्रिकेटच्या सामन्यांचा सशुल्क बंदोबस्त या कल्पनेशीच नाते सांगतो. अमेरिकेतील ज्या व्यवस्थेचा येथे विचार करावयाचा आहे ती या दोहोंहून वेगळी. तेथे करार एका शासनसंस्थेचा दुसऱ्या शासनसंस्थेशी असतो. शिपाई पगारी आणि कायमच असतो. विकत घेतली जाते ती सेवा. म्हणून ‘कंत्राटी पोलीस’ या शब्दापेक्षा ‘कराराची पोलीससेवा’ हा शब्दप्रयोग, कानाला थोडा अवघड वाटला तरी, अधिक बिनचूक होय.

या पद्धतीस आजचे रूप आले ते कॅलिफोर्नियात. लॉस एंजलिसजवळ लेकवूड नावाची घरांची एक प्रचंड वसाहत 1950 नंतरच्या तीन-चार वर्षांत उभी राहिली. शेजारच्या लाँग बीच शहराने आपल्याला पोटात घेऊ नये म्हणून तेथील रहिवाशांनी 1954 मध्ये स्वतंत्र शहर स्थापन केले. मात्र पोलीस, रस्ते आदी बहुतेक सेवा स्वतः उभारण्याऐवजी काउंटीकडून पैसे देऊन घेतल्या. पोलिसांचे काम काउंटीच्या शेरीफकडे गेले. (हा शेरीफ मुंबईच्या नगरपालासारखा शोभेचा अधिकारी नव्हे, तो मतदारांनी निवडलेला, हजारो पोलिसांचा प्रमुख असतो.) पुढे या ‘लेकवूड योजने’चे अनुकरण डझनावारी नव्या शहरांनी केले. शासनसंस्था अनेक व लहान असणे हा दोष नसून त्यांच्यात सेवांची देवघेव होऊ शकते, हा विचार व्हिन्सेंट ऑस्ट्रॉम, चार्ल्स टीबू व रॉबर्ट वॉरन यांनी 1961 मध्ये मांडला, त्याच्या पाठीशी दक्षिण कॅलिफोर्नियाचा हाच अनुभव होता.

लेकवूड हे नवे, घरमालकांचे शहर होते. तेथे मोडण्याजोगे जुने पोलीस खातेच नव्हते. कॅम्डेनची स्थिती नेमकी उलटी होती. न्यूयॉर्क शिपबिल्डिंगची गोदी आणि व्हिक्टर ग्रामोफोनचे कारखाने यांवर हे शहर पोसले होते. 1950 मध्ये त्याची वस्ती 1,24,555 होती. 2010 मध्ये ती 77,344 उरली. गोदी 1967 मध्येच बंद पडली होती. कर देणारे गेले, आणि शहराचा खर्च मोठ्या अंशी राज्याच्या अनुदानावर चालू लागला. ते अनुदान आटताच जानेवारी 2011 मध्ये शहराने आपल्या पोलिसांपैकी जवळजवळ निम्म्यांना एकाच वेळी कामावरून कमी केले. काहींना पुढे परत घेण्यात आले, तरी दल पूर्ववत झाले नाही. 2013 च्या करारामागील मुख्य हिशेब आर्थिक होता. शहराचे खाते मोडल्याने पोलीस संघटनेशी असलेला जुना वेतनकरार संपला. सर्वांना नोकरीवरून दूर करून, नव्या अटी मान्य असतील त्यांना पुन्हा अर्ज करावयास सांगण्यात आले. आणि माणशी खर्च कमी झाल्यामुळे दलाची संख्या चारशेच्या आसपास नेण्याचे ठरले. म्हणजे ज्या दिवशी ‘करार’ झाला त्याच दिवसापासून पोलिसांची संख्या, त्यांच्या नोकरीच्या अटी आणि कामाची पद्धत या तिन्ही गोष्टी एकदम बदलू लागल्या. यांपैकी कोणत्या एकीला श्रेय द्यावयाचे, हे आकडा आपण होऊन सांगत नाही.

आता त्या आकड्याकडे वळू. 2013 हे कॅलेंडरचे वर्ष; कराराचे वर्ष नव्हे. पहिले चार महिने जुन्या खात्याचेच होते. तेव्हा 57 हा आकडा दोन दलांच्या कारकिर्दींची बेरीज आहे, एवढी साधी गोष्टदेखील पुष्कळदा विसरली जाते.

दुसरी गोष्ट योगायोगाची. लहान शहरात खुनांची संख्या, परिस्थितीत काहीही फरक न पडता, एका वर्षाहून दुसऱ्या वर्षी वरखाली होत असते. अशा तुरळक घटनांच्या दोन संख्यांमधील फरक ताडून पाहण्याची एक ढोबळ रीत सांख्यिकीत रूढ आहे : दोन्ही संख्यांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढावे. 67 व 57 यांची बेरीज 124, आणि तिचे वर्गमूळ सुमारे 11. प्रत्यक्ष फरक मात्र 10 चा. म्हणजे निव्वळ योगायोगाने जेवढी हालचाल सहज संभवते तिच्याही आत हा फरक बसतो. वास्तविक खून हे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात; एका टोळीतील खुनाचा सूड दुसऱ्या खुनाने घेतला जातो, आणि त्यामुळे खरी अनिश्चितता या हिशेबाहून मोठीच असणार. एका वर्षाच्या आकड्यावरून कराराच्या बाजूने किंवा विरुद्ध काहीही सिद्ध होत नाही, असे म्हणणे भाग आहे.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. तुलनेसाठी घेतलेले 2012 हे वर्ष शहराच्या इतिहासातील उच्चांकाचे वर्ष होते. लाख वस्तीमागे सुमारे 87 खून पडले, जेव्हा देशाची सरासरी पाचाच्या आत होती. संकट शिगेला पोचले म्हणूनच उपाय योजिला जातो. आणि जे शिगेला पोचते ते पुढील वर्षी बहुधा थोडे उतरतेच, मग उपाय केलेला असो वा नसो. याचे उत्कृष्ट उदाहरण कनेक्टिकट राज्यात घडले. 1955 मध्ये तेथे रस्त्यांवरील अपघातांत 324 माणसे मेली. राज्यपाल रिबिकॉफ यांनी वर्षाअखेरीस भरधाव वाहन हाकणाऱ्यांचे परवाने सरसहा निलंबित करण्यास आरंभ केला, आणि 1956 मध्ये मृत्यूंची संख्या 284 झाली. चाळीस जीव वाचले असा डांगोरा पिटला गेला. डोनल्ड कॅम्बेल व लॉरेन्स रॉस यांनी 1968 मध्ये या दाव्याची चिकित्सा प्रसिद्ध केली. मागील-पुढील अनेक वर्षांचे आणि शेजारच्या राज्यांचे आकडे जवळ मांडून त्यांनी दाखविले की, 1955 हेच असाधारण वर्ष होते आणि घटीचा बराचसा भाग त्या असाधारणतेच्या ओसरण्याने समजावून देता येतो. कॅम्डेनच्या अभ्यासकाने हा निबंध उशाशी ठेवण्यासारखा आहे.

याच रीतीने कॅम्डेनचे मागील-पुढील आकडे मांडले की चित्र पालटते. 2009 मध्ये, जुने खाते अजून पूर्ण संख्येनिशी काम करीत असताना, शहरात 34 खून झाले. पोलिसांना कमी केल्याच्या वर्षी, 2011 मध्ये, 47 झाले. 2012 मध्ये 67. करारानंतर 2013 मध्ये 57 आणि 2014 मध्ये 33. सन 2012 व 2014 यांमधील 34 चा फरक मात्र योगायोगाच्या कक्षेबाहेरचा आहे. त्या दोन संख्यांची बेरीज 100, वर्गमूळ 10, आणि फरक त्याच्या तिपटीहून अधिक. काहीतरी खरोखरच घडले होते. पण काय घडले होते? 34 आणि 33 हे आकडे शेजारी ठेवावेत. नव्या दलाच्या पहिल्या पूर्ण वर्षाने शहराला आणून सोडले ते जुन्या दलाने 2009 मध्ये जेथे ठेवले होते त्याच ठिकाणी. निम्मे पोलीस काढून घेतले तेव्हा खून वाढले, पोलीस परत दिले तेव्हा ते उतरले, असा याचा सर्वांत सरळ अर्थ लागतो. करार हा त्यात पोलीस परत देण्याचा एक मार्ग ठरतो. हा अर्थही सिद्ध झालेला नाही, परंतु ‘जुने खाते मोडल्यामुळे गुन्हे घटले’ या लोकप्रिय अर्थापेक्षा तो आकड्यांना अधिक मानवतो. पुढे 2016 मध्ये खून 44 वर गेले आणि नंतरच्या वर्षांत तिसांच्या खाली आले. यांतील चढाचे खापर कोणी कराराच्या माथी फोडले नाही, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

खून हा त्यातल्या त्यात विश्वसनीय आकडा, कारण प्रेत लपत नाही. इतर गुन्ह्यांत मोजणारा आणि मोजली जाणारी वस्तू यांचा संबंध फार गुंतागुंतीचा असतो. अमेरिकेत 1930 पासून चालत आलेल्या गुन्हेगणनेत एकाच प्रसंगी अनेक गुन्हे घडले तरी त्यांपैकी सर्वांत गंभीर तेवढाच मोजण्याचा नियम होता. तसेच शब्दाची व्याख्या बदलली की आकडा बदलतो. बलात्काराची 1927 पासूनची व्याख्या केवळ स्त्रियांपुरती आणि बळाच्या वापरावर आधारलेली होती. नवी व्याख्या संमतीच्या अभावावर आधारलेली आहे, आणि तिच्यानुसार गणना सुरू झाली ती नेमकी 2013 च्या आरंभापासून. म्हणजे कॅम्डेनमध्ये ज्या वर्षी पोलीस बदलले त्याच वर्षी एका गंभीर गुन्ह्याच्या नावाचा अर्थही बदलला. आदल्या वर्षाच्या त्या रकान्याशी तुलना करणे म्हणजे शब्द एक पाहून वस्तूही एक समजणे होय.

त्याहून महत्त्वाचे असे की, पोलीस स्वतःच काही आकडे निर्माण करतात. नवे दल रस्त्यावर पायी व सायकलीवरून फिरू लागले, ही त्याची वाखाणलेली बाजू. त्याच्याच जोडीला मोटारीच्या काळ्या काचा, बंद दिवे, सायकलीला घंटा नसणे यांसारख्या किरकोळ गोष्टींसाठी काढलेल्या समन्सांची संख्या एकाएकी चढली, आणि नागरी हक्कांच्या पुरस्कर्त्यांनी त्यावर टीका केली. पोलिसांच्या बळप्रयोगाविरुद्धच्या तक्रारीही 2014 मध्ये वाढल्या. घंटा नसलेल्या सायकली 2013 मध्ये एकदम वाढल्या असे कोणीही म्हणणार नाही. वाढली ती नोंद. याउलट, चोरीची तक्रार देऊन काही उपयोग नाही असे मानणारा रहिवासी, शिपाई दारापर्यंत येऊ लागला की तक्रार देऊ लागतो, आणि मग चोऱ्या कमी झाल्या असल्या तरी नोंदलेल्या चोऱ्या वाढू शकतात. बळप्रयोगावर कडक मर्यादा घालणारे सविस्तर धोरण या दलाने स्वीकारले ते 2019 मध्ये. 2020 मध्ये ज्या कॅम्डेनचा गौरव झाला ते हे सुधारलेले कॅम्डेन. पहिल्या वर्षाचे नव्हे.

कराराच्या सामर्थ्याविषयी निष्कर्ष काढण्यापूर्वी लॉस एंजलिस काउंटीतील कॉम्प्टनचेही उदाहरण पाहिले पाहिजे. कॅम्डेनहून थोडे मोठे असलेल्या या शहराने 2000 मध्ये आपले पोलीस खाते बंद करून शेरीफशी करार केला. पाच वर्षांनी, 2005 मध्ये, तेथील खुनांची संख्या साठाच्या वर गेली; पुढच्या वर्षी ती बरीच उतरली. करार तोच होता.

मग कराराने निश्चितपणे बदलते ते काय? उत्तरदायित्वाची वाट. शहराचे पोलीस शहराच्या परिषदेला बांधलेले असतात. कराराचे पोलीस काउंटीला. पोलीसप्रमुखाच्या नेमणुकीवर ज्यांचा हक्क चालतो ते मतदार बव्हंशी शहराबाहेर राहतात. कॅम्डेनमध्ये ही गोष्ट अधिकच उघडी पडली, कारण हे दल मुळात काउंटीतील सर्व नगरांसाठी म्हणून योजिले होते; प्रत्यक्षात इतर एकाही नगराने आपले पोलीस मोडून त्यात प्रवेश केला नाही. काउंटीचे पोलीस एकट्या कॅम्डेनमध्ये, आणि त्यांचे धनी कॅम्डेनच्या बाहेर, अशी ही व्यवस्था झाली. शहरातील काही नागरिकांनी 2012 मध्येच सह्या गोळा करून, जुने खाते ठेवावे की नाही यावर मतदान घेण्याची मागणी केली होती. महापौर त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. खटला खालून वर चढत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि त्याचा निकाल 2015 मध्ये लागला. तोपर्यंत जुने खाते नाहीसे होऊन दोन वर्षे लोटली होती, आणि सह्या करणाऱ्यांनी मांडलेला प्रस्ताव कालबाह्य झाल्यामुळे मतदान झाले नाही.