पायाच्या हाडातून जबडा: अचूक कापायला मदत करणारं 'सर्जिकल गाईड' काय असतं?

चाकणजवळच्या महाळुंग्यात वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्यांना 'जिग' म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. भोक नेमकं कुठे आणि कोणत्या कोनात पाडायचं, ते जिगमुळे आधीच ठरलेलं असतं. ड्रिल सरकत नाही, प्रत्येक वेळी माप घ्यावं लागत नाही.

हीच युक्ती आता ऑपरेशन थिएटरमध्येही वापरली जाते. इथे 'जॉब' असतो माणसाचा जबडा.

हाड येतं कुठून?

तंबाखू, गुटखा, सुपारी यांमुळे होणारा तोंडाचा कॅन्सर हाडापर्यंत पोहोचला, तर जबड्याचा भाग काढावा लागतो. ती जागा भरायला बहुतेकदा पोटरीतलं बारीक हाड, म्हणजे फिब्युला घेतात. शरीराचं वजन मुख्यतः शेजारचं जाड हाड पेलतं. त्यामुळे गुडघ्याजवळचं आणि घोट्याजवळचं टोक राखून फिब्युलाचा मधला भाग काढता येतो. न्यूयॉर्कचे सर्जन डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये या हाडापासून खालचा जबडा तयार करण्याची पद्धत मांडली.

अडचण एकच. फिब्युला सरळ असतं आणि जबडा घोड्याच्या नालासारखा वळलेला. म्हणून हाडाचे दोन-तीन तुकडे करून ते कोनात जुळवावे लागतात. काही मिलिमीटरची चूक झाली तरी वरचे-खालचे दात नीट जुळत नाहीत.

गाईड काय करतं?

आधी जबड्याचा आणि पायाचा सीटी स्कॅन होतो. त्यावरून कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल बनतं. सर्जन आणि इंजिनिअर मिळून कुठे कापायचं, कोन किती ठेवायचा, हे स्क्रीनवर ठरवतात. मग त्या रुग्णाच्याच हाडावर घट्ट बसतील असे साचे थ्रीडी प्रिंटरवर तयार होतात. त्यांना करवतीसाठी खाचा असतात. एक गाईड जबड्यासाठी, दुसरं पायासाठी.

यामुळे वेळही वाचतो. पायातून सुटं केलेलं हाड मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडेपर्यंत त्याला रक्त मिळत नाही. तो काळ जितका कमी, तितकं चांगलं.

मर्यादा काय?

लोखंडाचा जॉब महिनाभर तसाच राहतो, गाठ राहत नाही. स्कॅननंतर ती वाढली, तर ठरवलेल्या रेषेपलीकडे कापावं लागतं आणि गाईड निरुपयोगी ठरू शकतं. म्हणून स्कॅन आणि ऑपरेशन यांत फार दिवस जाऊन चालत नाही. खर्चही वाढतो. आणि गाईड फक्त हाडाचं काम सोपं करतं. बारीक रक्तवाहिन्या जोडायला सर्जनचाच हात लागतो. गाईडशिवायही ही ऑपरेशन्स अनेक वर्षं होत आली आहेत.

त्यामुळे डॉक्टरांना जरूर विचारा: माझ्या केसमध्ये गाईडचा फायदा किती? ते येईपर्यंत थांबणं सुरक्षित आहे का?

आणि तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर लगेच दाखवा. वेळेत निदान झालं, तर जबडा कापण्याची वेळच कदाचित येणार नाही.