चर्चिल : सैनिक, लेखक आणि व्याख्याता

व्याख्यानाला तिकीट लावावे की नाही, यावर आपल्याकडे अधूनमधून वाद होतो. इ. स. १९०० च्या नोव्हेंबरात एका इंग्रज तरुणाने या वादाचा रोखीने निकाल लावला. महिनाभर तो इंग्लंडमध्ये गावोगाव जवळजवळ रोज एक व्याख्यान देत हिंडला आणि तेवढ्या अवधीत त्याने साडेचार हजार पौंडांवर कमाई केली. त्याचे नाव विन्स्टन चर्चिल. पार्लमेंटच्या सभासदाला त्या काळी वेतन नसे, ते सुरू झाले १९११ साली. ड्यूकच्या घराण्यात जन्म असला तरी वडिलांची कर्जे फेडल्यावर घरात फारसे काही उरले नव्हते. तेव्हा राजकारणात शिरायचे तर शिदोरी स्वतःच जमवणे भाग होते. ती त्याने लेखणीने आणि जिभेने जमवली.

आपल्याला ठाऊक असलेला चर्चिल म्हणजे १९३१ साली गांधीजींना अर्धनग्न फकीर म्हणून हिणवणारा, हिंदी स्वराज्याचा हाडवैरी. तो विसरावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण ज्या वाणीने हा माणूस मोठा झाला तिची तालीम आपल्याच भूमीवर आणि बव्हंशी आपल्याच खर्चाने झाली, म्हणून ती हकीगत आपण नीट समजून घेतली पाहिजे.

१८९६ च्या ऑक्टोबरात चौथ्या हुसार्स या घोडदळाच्या पलटणीबरोबर तो मुंबईस आला. ससून डॉकच्या पायऱ्यांशी होडी लाटांवर वरखाली होत होती. किनाऱ्यावर चढण्याच्या घाईत त्याने भिंतीतली लोखंडी कडी पकडली, तोच होडी खाली गेली आणि उजवा खांदा निखळला. हे दुखणे जन्मभर पुरले. पोलो खेळताना दंड बांधून ठेवावा लागे आणि दोन वर्षांनी सुदानात ओमदुर्मानच्या लढाईत त्याने तलवारीऐवजी पिस्तूल वापरले.

मुंबईहून पलटण पुण्यास आली. गणेशखिंडीच्या बंगल्यावर गव्हर्नर लॉर्ड सँढर्स्ट यांच्याकडे मेजवानी झाली आणि देशात नुकतेच पाऊल टाकलेल्या या एकवीस वर्षांच्या पोराने गव्हर्नरांना आपली मते सविस्तर ऐकवली. त्याच शहरात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेला तेव्हा वीस वर्षे होऊन गेली होती, पण तिकडे त्याचे पाऊल वळणे शक्यच नव्हते.

बंगळूरच्या छावणीत सकाळी कवायत, संध्याकाळी पोलो आणि मधली लांबलचक दुपार मोकळी. इतर अधिकारी झोप काढीत, हा वाचत बसे. शाळेत मागे पडलेला, सँढर्स्टच्या लष्करी विद्यालयात तिसऱ्या खेपेस कसाबसा शिरलेला हा मुलगा रोज चार-पाच तास गिबन आणि मेकॉले वाचू लागला. आईकडून त्याने पार्लमेंटच्या जुन्या कामकाजाचे वार्षिक खंड मागवले. एखाद्या वादाचा वृत्तांत वाचण्यापूर्वी त्या प्रश्नावरचे आपले मत तो लिहून काढी आणि मग जाणत्यांच्या भाषणांशी ताडून पाही. होतकरू वक्त्याला याहून चांगला व्यायाम आम्हांला तरी ठाऊक नाही. वक्तृत्वाची रचना कशी असावी यावर त्याने १८९७ साली एक निबंधही लिहून ठेवला. इकडे हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणींचा खर्च हिंदी तिजोरीतून होत असे, म्हणजे या दुपारच्या शाळेची फी आपल्या रयतेने भरली!

त्या १८९७ च्या सप्टेंबरात तो वायव्य सरहद्दीवर मलाकंडच्या मोहिमेत होता आणि 'डेली टेलिग्राफ'ला रकान्यामागे पाच पौंड दराने पत्रे पाठवीत होता. त्याच महिन्यात मुंबईच्या हायकोर्टाने 'केसरी'तल्या लेखांबद्दल टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी सांगितली. साम्राज्य एकच आणि महिनाही एकच, पण एका लेखणीला मोबदला मिळाला आणि दुसरीला तुरुंग.

मलाकंडवरचे पुस्तक १८९८ साली निघाले, सुदानच्या मोहिमेवरचे १८९९ साली. लष्करातल्या पगारापेक्षा लेखणी जास्त मिळवते हे दिसताच त्याने लष्कर सोडले. 'मॉर्निंग पोस्ट'ने त्याला महिना अडीचशे पौंडांवर बोअर युद्धाचा बातमीदार नेमले. १५ नोव्हेंबर १८९९ रोजी चिलखती आगगाडीवर हल्ला होऊन तो पकडला गेला आणि १२ डिसेंबरच्या रात्री प्रिटोरियाच्या कैदेतून भिंतीवरून निसटला. बोअरांनी त्याच्यावर पंचवीस पौंडांचे बक्षीस लावले. काही दिवस एका कोळशाच्या खाणीत लपून, मग मालगाडीत दडून तो पोर्तुगीज हद्दीत पोहोचला. ही कहाणीच व्याख्यानांचे भांडवल झाली. १९०० च्या ऑक्टोबरात ओल्डहॅममधून निवडून आल्यावर पार्लमेंटात बसण्याआधी त्याने ते वटवले. दिव्याच्या यंत्राने पडद्यावर चित्रे दाखवीत तो आपल्या सुटकेची गोष्ट सांगे.

अमेरिकेत गोष्ट इतकी सोपी नव्हती. सुटकेला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी न्यूयॉर्कला त्याची ओळख करून देण्यास उभा राहिला मार्क ट्वेन, आणि त्याने बोअर युद्धाबद्दलची आपली नापसंती तेथेच बोलून दाखवली. शिकागोत श्रोते बोअरांच्या बाजूचे निघाले. चर्चिल चिडला नाही. त्याने स्वतःवर विनोद केले, बोअरांच्या शौर्याची मनापासून तारीफ केली आणि सभा शांत केली. विरुद्ध सभेत कसे उभे राहावे, हे तो या दौऱ्यात शिकला. पुस्तके, पत्रे आणि व्याख्याने मिळून सुमारे दहा हजार पौंड हाती आले.

पण तो जन्मजात वक्ता होता असे कोणी समजू नये. त्याचा 'स' नीट उमटत नसे, त्यासाठी त्याने डॉक्टरही गाठला होता. सारे भाषण तो पाठ करून येई. २२ एप्रिल १९०४ रोजी कॉमन्स सभेत बोलता बोलता पुढचे वाक्य आठवेना. शब्द चाचपडत तो काही क्षण उभा राहिला आणि अखेर खाली बसला. त्यानंतर टिपणे हातात घेतल्याशिवाय तो महत्त्वाच्या भाषणाला उभा राहत नसे. ओळी तोडून, पद्यासारखी मांडलेली ती टिपणे असत.

१९५३ साली त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवड समितीने इतिहास आणि चरित्रलेखनाबरोबर त्याच्या वक्तृत्वाचाही मुद्दाम उल्लेख केला होता. समारंभाला तो जाऊ शकला नाही. पारितोषिक त्याच्या पत्नीने स्वीकारले आणि त्याने लिहून दिलेले भाषण तिनेच वाचून दाखवले.