कुत्रीची वार आणि पिल्लाचे वजन

परळला आमच्या चाळीत जिन्याखाली एक कुत्री राहते. मुले तिला चिमी म्हणतात. मुले तिला पोळी घालतात, ती रात्री अनोळखी माणसावर भुंकते. गेल्या श्रावणात ती व्याली. सहा पिल्ले झाली. पाच चांगली गुबगुबीत. सहावे मात्र उंदराएवढे.

शेजारच्या आजी म्हणाल्या, "मास्तर, हे काही जगायचं नाही. आईच त्याला बाजूला टाकील. नशीबच तेवढं त्याचं."

नशिबाचे राहू द्या. पिल्लू लहान का झाले, ते आधी पाहू.

गाय व्याली की वार पडते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. काही गावांत तिला जार म्हणतात. आपण ती पुरून टाकतो आणि विसरतो. पण ही वार म्हणजे पोटातल्या पिल्लाची खाणावळ आहे. परळ-लालबागला गिरण्या चालू होत्या, तेव्हा कोकणातून, घाटावरून आलेला एकटा गडी खाणावळीत जेवायचा. खाणावळ चांगली, तर गडी धट्टाकट्टा. पोटातल्या पिल्लाचे तसेच आहे. त्याला तोंडाने खाता येत नाही, नाकाने श्वास घेता येत नाही. वारेत एका बाजूला आईचे रक्त फिरते, दुसऱ्या बाजूला पिल्लाचे. मध्ये पातळ पडदा. रक्त रक्तात मिसळत नाही, पण अन्न आणि प्राणवायू पडद्यातून पलीकडे जातात आणि नाळेतून पिल्लाला पोचतात. पिल्लाची घाण उलट वाटेने आईकडे येते.

कुत्रीच्या पोटात प्रत्येक पिल्लाची वार वेगळी. ती रुंद पट्ट्यासारखी पिल्लाभोवती वेढलेली असते. तिच्या कडा काळपट हिरव्या असतात, म्हणून वितेवेळी हिरवे पाणी दिसते. त्याला भिऊ नये. मात्र पहिले पिल्लू यायच्या आधीच हिरवे पाणी आले आणि तास-दोन तासांत पिल्लू आले नाही, तर वेळ न घालवता जनावरांच्या डॉक्टरला बोलवावे.

आता, सहा खाणावळी काही सारख्या नसतात. एका पिल्लाची वार भरदार, दुसऱ्याची चिंचोळी. एखाद्या वारेचा थोडा भाग आतच मरून जातो. आई उपाशी असेल, आजारी असेल, तर सगळ्यांनाच कमी मिळते. डॉक्टर लोकांनी वार आणि पिल्लू दोन्ही तोलून पाहिली आहेत. वार भरदार, तर पिल्लू बहुधा वजनदार. कुत्री सुमारे ६३ दिवसांनी विते. त्या ६३ दिवसांचा जमाखर्च म्हणजे पिल्लाचे जन्माचे वजन. माणसाच्या मुलाचेही असेच आहे. अडीच किलोच्या आत मूल जन्मले, तर त्याला जास्त जपावे लागते.

लहान पिल्लू मरते कशाने? पुष्कळदा थंडीने. हंडाभर ऊन पाणी लवकर निवत नाही, वाटीभर पाणी लगेच निवते. लहान पिल्लू म्हणजे ती वाटी. पहिले काही दिवस त्याला थंडीने कापतासुद्धा येत नाही. अंगात चरबी नाही, साखरेचा साठा थोडा. गार पडले की त्याला चोखता येत नाही, आणि चोखले नाही की ते आणखी गार पडते. थंड पडलेल्या पिल्लाला आई पुष्कळदा दूर सारते. आजी म्हणत होत्या ते हेच.

इथे आमची एक चूक सांगतो. फार वर्षांपूर्वी असेच एक गारठलेले पिल्लू आम्ही घरी आणले आणि दया येऊन कापसाच्या वातीने गाईचे दूध पाजले. सकाळी ते मेलेले होते. गार पोटाला दूध पचत नाही, आणि गिळण्याची ताकद नसली की ते फुफ्फुसात जाते. आधी ऊब, मग दूध. हे तेव्हा आम्हांला माहीत नव्हते.

या वेळी बाटलीत ऊन पाणी भरले, बाटली फडक्यात गुंडाळली आणि खोक्यात गोणपाटावर पिल्लाजवळ ठेवली. चुलीपाशी धरले नाही. ऊब हळूहळूच द्यावी. तासाभराने ते वळवळू लागले. तेव्हा मोठ्या भावंडांना बाजूला करून त्याला आईच्या आचळाला लावले. पहिला दिवस फार मोलाचा. माणसाच्या वारेतून रोगाशी लढण्याची शक्ती मुलाला बरीच मिळते, कुत्रीच्या वारेतून फारच थोडी. बाकीची मिळते चिकातून, आणि तीही पहिल्या दिवसातच. मग पिल्लाचे आतडे ती आत घेत नाही.

चिमी आमच्या ओळखीची, म्हणून आम्ही हात घातला. परक्या कुत्रीच्या पिल्लांना हात लावू नका, ती चावेल. कुत्रे चावलेच, तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या. पिसाळ रोग अंगात दिसू लागला, की माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

वाण्याने काटा दिला. मोठी पाच तीनशे ग्रॅमच्या आसपास भरली. सहावे १७०. दुसऱ्या दिवशी ते १६५ झाले आणि आमच्या पोटात गोळा आला. पहिल्या दिवशी थोडे वजन उतरते, पण पुढे रोज वाढले पाहिजे. वाढले नाही, तर परळच्याच जनावरांच्या इस्पितळात न्यायचे, असे ठरवले. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे हे इस्पितळ १८८३ सालचे. त्याच्याच आवारात १८८६ साली जनावरांच्या डॉक्टरांचे कॉलेज निघाले.

तिसऱ्या दिवशी काटा १७४ वर गेला.

चिमीचे खाणेही वाढवले. खरे तर ते आधीच वाढवायला हवे होते. पिल्ले पोटात सर्वांत जास्त वाढतात ती शेवटच्या तीन आठवड्यांत. तेव्हा नुसती ताकभाकरी पुरत नाही. अंडे, मासळी, मटणाचे तुकडे, जमेल ते घालावे.

पाच पिल्लांचे वजन दहा-बारा दिवसांत दुप्पट झाले. सहाव्याला तीन दिवस जास्त लागले. तेराव्या दिवशी त्याने डोळे उघडले. आजी रोज सकाळी विचारतात, "मास्तर, आज किती भरलं?"