मोजे काढा, पाय दाखवा

केदारनाथची कपाटं उघडल्याची बातमी आली की भोकरात बॅगा भरायला लागतात. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसने दिल्ली, पुढे हरिद्वार. निघण्याआधी बीपी, ईसीजी, गुडघे, दम सगळं विचारलं जातं. जुन्या शुगरने बधिर झालेल्या पायांकडे मात्र कुणी बघत नाही, याची मला फार काळजी वाटते.

चप्पल पायातून निसटली तरी चार पावलं पुढे गेल्यावरच कळतं, अशी माणसं आपल्या गल्लोगल्ली आहेत. रात्री तळव्यांची आग, बोटांना मुंग्या. गौरीकुंडापासून सुमारे १६ किलोमीटरच्या चढणीवर नव्या बुटाने फोड येतो, दुखत नाही, म्हणून माणूस चालतच राहतो. थंडीने बोट पांढरं पडतं, पत्ता लागत नाही. बद्रीनाथच्या तप्तकुंडात उतरण्याआधी पाण्याचा अंदाज पायाने घेऊच नका, कोपर बुडवून बघा.

केदारनाथची उंची सुमारे ३,५८३ मीटर. तिथे दर श्वासात समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांशच ऑक्सिजन मिळतो. शरीर नाडी आणि श्वास वाढवून ती तूट भरतं. हे काम आपल्या नकळत करणाऱ्या नसाही शुगरने खराब होतात. मग उभं राहिलं की बीपी घसरतं, अंधारी येते. हार्ट अटॅकही छातीत न दुखता येऊ शकतो. हेलिकॉप्टरने पाय वाचतात, पण उंची अंगवळणी पडायला वेळ मिळत नाही.

औषधांचंही डॉक्टरांशी बोला. नसांसाठीच्या प्रीगाबालिन, गॅबापेंटिनने काहींचा श्वास मंदावतो; अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये तसा इशारा दिला आहे. आपल्या मनाने गोळी बंद मात्र करू नका. उंचीसाठी दिली जाणारी डायमॉक्स स्वतःच हातापायाला मुंग्या आणते, तेव्हा आजार बळावला म्हणून घाबरायचं कारण नाही.

पायाची तपासणी काही मिनिटांची आहे. पेशंटने डोळे मिटायचे. डॉक्टर नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबतात, म्हणजे १० ग्रॅमचा भार. लागलं तर सांगायचं. तो कळला नाही, तर पायी चढण्याचा बेत डॉक्टरांना विचारूनच ठरवा. बीपीही झोपून आणि उभं राहून, असं दोनदा मोजून घ्या.

यात्रा कंपनीवाल्यांना माझी एकच विनंती आहे: मुक्कामाला पोचल्यावर जेवणाआधी शुगरवाल्यांचे मोजे काढायला लावा आणि टॉर्च मारून बोटांच्या बेचक्यांसकट तळवे बघा.