तांबं टिकतं, इन्सुलेशन थकतं: अणुवीज केंद्रातल्या केबलविषयीचे गैरसमज

अणुवीज केंद्राच्या सुरक्षेची चर्चा निघाली की बोलणं इंधन, किरणोत्सर्ग आणि काँक्रीटच्या जाड भिंतींभोवती फिरतं. केबलचं नाव क्वचितच येतं. अमेरिकेतल्या उकळत्या पाण्याच्या एका सर्वसाधारण अणुभट्टीचा हिशेब पाहिला, तर वीज वाहून नेणारी केबल सुमारे 100 किलोमीटर लागते, नियंत्रणाची सुमारे 80 आणि मोजमापाच्या उपकरणांची तब्बल 400 किलोमीटर. पंप सुरू करण्याचा आदेश, झडप बंद झाल्याची खूण, अणुभट्टीतल्या पाण्याची पातळी, हे सगळं याच केबलमधून ये-जा करतं. म्हणून या केबलचं वय कसं मोजतात आणि तिची परीक्षा कशी घेतात हे समजून घ्यायला हवं. त्याबद्दलचे काही समज मात्र मुळातच चुकीचे आहेत.

गैरसमज 1: केबल म्हणजे तांब्याची तार. तांबं शंभर वर्षं टिकतं, मग केबलही टिकणार.

तांब्याची काळजी कोणालाच नाही. म्हातारं होतं ते त्याभोवतीचं इन्सुलेशन आणि बाहेरचं आवरण. क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीन, इथिलीन प्रॉपिलीन रबर, सिलिकॉन रबर, पीव्हीसी हे सगळे बहुवारिक पदार्थ आहेत. उष्णता आणि किरणोत्सर्ग यांच्यामुळे त्यांचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात. ही क्रिया रोखण्यासाठी कारखान्यातच काही रसायनं मिसळलेली असतात. ती हळूहळू संपतात आणि त्यानंतर ऱ्हासाचा वेग वाढतो. लवचिक इन्सुलेशन कडक होतं, पुढे ठिसूळ होतं.

हे मोजण्याची सर्वमान्य रीत सोपी आहे. इन्सुलेशनचा तुकडा कापून यंत्रात धरायचा आणि तुटेपर्यंत ताणायचा. नवा तुकडा तुटण्याआधी मूळ लांबीच्या दोनशे ते चारशे टक्के जादा ताणला जातो. हा ताण 50 टक्क्यांवर आला की आयुष्य संपत आल्याचं साधारणपणे मानतात. ही मर्यादा मुद्दाम सावध ठेवलेली आहे, कारण त्या टप्प्यावरही केबल रोजचं काम बिनतक्रार करत असते.

गैरसमज 2: यंत्रं चालू आहेत, मेगर चांगला दाखवतोय, म्हणजे केबल ठणठणीत आहे.

सगळ्यांत घातक समज हाच. मेगर लावून इन्सुलेशनचा रोध मोजणं ही प्रत्येक इलेक्ट्रिशियनची सवय असते आणि ती चांगलीच आहे. पण कोरड्या खोलीत, न हलवता पडून असलेल्या केबलचं इन्सुलेशन बिस्किटासारखं ठिसूळ झालं, तरी मेगरचा आकडा उत्तमच येऊ शकतो. जोवर तडा जात नाही आणि त्या तड्यात ओल शिरत नाही, तोवर वीज आपली वाट सोडत नाही.

अणुवीज केंद्रातल्या सुरक्षा-केबलची खरी कसोटी लागते ती अपघाताच्या दिवशी. अणुभट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्याची मुख्य नळी फुटली तर अणुभट्टीच्या इमारतीत तापलेल्या वाफेचा लोट उसळतो, दाब वाढतो, किरणोत्सर्ग वाढतो, वरून रसायनमिश्रित पाण्याचे फवारे सुरू होतात. एरवी चाळीस वर्षं शांतपणे पडून राहिलेल्या केबलने नेमक्या त्या वेळी पंप चालवायचा असतो आणि खरं तापमान नियंत्रण कक्षाला कळवायचं असतं.

म्हणूनच अशी केबल वापरात येण्याआधी तिच्या नमुन्याला हा सगळा प्रवास घडवला जातो. अमेरिकेतल्या आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या 1974 च्या मानकांनी घालून दिलेला क्रम आजही पायाभूत मानला जातो. नमुना आधी भट्टीत तापवून म्हातारा करतात. मग कोबाल्ट-60 सारख्या स्रोतापुढे ठेवून त्याला किरणोत्सर्गाची मात्रा देतात: चाळीस वर्षांच्या सेवेसाठी साधारण 500 किलोग्रे आणि अपघातासाठी आणखी 1500 किलोग्रे. त्यानंतर त्याला बंद पात्रात वाफेखाली ठेवतात. तापमान 170 अंश सेल्सिअसच्या आसपास चढतं आणि या सगळ्या काळात केबलमधून वीज वाहत असते. एवढ्यावर सुटका नाही. बाहेर काढलेला नमुना स्वतःच्या व्यासाच्या चाळीसपट व्यासाच्या दंडगोलावर गुंडाळतात, पाण्यात बुडवतात आणि इन्सुलेशनच्या दर मिलिमीटर जाडीमागे सुमारे 3150 व्होल्ट इतका दाब पाच मिनिटं देतात. इन्सुलेशनला बारीकसा तडा गेला असेल, तर तो इथे लपत नाही.

गैरसमज 3: चाळीस वर्षांचं वय भट्टीत काही दिवसांत आणतात, म्हणजे ही निव्वळ धूळफेक आहे.

धूळफेक नाही. त्यामागे रसायनशास्त्रातला आऱ्हेनिअसचा नियम आहे: तापमान वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग ठरावीक प्रमाणात वाढतो. केबल प्रत्यक्षात 50 अंशांत राहणार आहे आणि भट्टी 120 अंशांवर आहे असं धरू. इन्सुलेशनची सक्रियण ऊर्जा, म्हणजे क्रिया सुरू व्हायला लागणारी ऊर्जा, 1 इलेक्ट्रॉन-व्होल्ट असेल, तर भट्टीतला वेग जवळपास सहाशेपट होतो आणि चाळीस वर्षांचं वार्धक्य साधारण 24 दिवसांत येतं.

मात्र याच हिशेबात एक मेख आहे. तीच ऊर्जा 1 ऐवजी 0.8 धरली, तर 24 दिवसांचे 87 दिवस होतात. एका छोट्या आकड्याच्या फरकाने केबल पास की नापास हे बदलू शकतं. त्यामुळे हा नियम खरा असला, तरी त्याचं उत्तर अखेरचा शब्द मानता येत नाही.

याचा धडा अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातल्या सव्हाना रिव्हर इथे मिळाला. तिथल्या अणुभट्टीच्या इमारतीतल्या केबलचं पॉलिथिलीन इन्सुलेशन बारा वर्षांच्या सेवेनंतर वाईट रीतीने खराब झालेलं आढळलं. परिस्थिती काही भयंकर नव्हती. सरासरी तापमान 43 अंश आणि एकूण किरणोत्सर्ग जेमतेम 25 किलोग्रे. प्रयोगशाळेत हीच मात्रा झटपट दिली, तर या पदार्थाचं फारसं बिघडत नसे. सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या क्लॉ आणि गिलन या संशोधकांनी 1980 च्या सुमारास याचं कोडं सोडवलं. मात्रा संथपणे मिळाली, तर ऑक्सिजनला इन्सुलेशनमध्ये खोलवर मुरायला वेळ मिळतो आणि नुकसान वाढतं. शिवाय किरणोत्सर्गाने तयार झालेली पेरॉक्साइडं उष्णतेने फुटतात आणि ऱ्हासाची साखळी पुढे चालू ठेवतात. म्हणून आधी किरणोत्सर्ग आणि मग उष्णता हा क्रम उलट क्रमापेक्षा कितीतरी विध्वंसक ठरला. घाईने घेतलेली परीक्षा कुठे फसते हे त्यातून कळलं.

गैरसमज 4: अणुवीज केंद्रात केबलचा मुख्य शत्रू किरणोत्सर्गच असणार.

केंद्रातल्या बहुतेक केबलच्या वाट्याला किरणोत्सर्ग फारच कमी येतो. तिथे खरी मारेकरी असते उष्णता, तीही ठिकठिकाणी साचलेली. एखाद्या वाफेच्या नळीवरचं उष्णतारोधक वेष्टण दुरुस्तीनंतर नीट बसवलं गेलं नाही, तर शेजारच्या ट्रेमधली दोन-तीन मीटर केबल बाकीच्या केबलच्या कितीतरी आधी म्हातारी होते. तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ ठोकताळा आहे. म्हणून अनुभवी पथकं सबंध केबल तपासत बसत नाहीत. अशा तापट जागा शोधून तिथे आधी जातात. रंग उडालेलं आवरण, बारीक भेगा, बोटाला जाणवणारा कडकपणा हे पहिले पुरावे. पुढे इंडेंटर नावाचं उपकरण आवरणावर बारीक टोक दाबून किती जोर लागतो ते मोजतं. केबल कापावी लागत नाही.

दुसरा शत्रू पाणी. जमिनीखालच्या डक्टमध्ये आणि मॅनहोलमध्ये पाणी साचतं आणि मध्यम दाबाच्या केबल वर्षानुवर्षं त्यात बुडून राहतात. विद्युतदाब आणि ओल यांच्या संगतीत इन्सुलेशनमध्ये फांद्या फुटल्यासारख्या सूक्ष्म वाटा तयार होतात. तंत्रज्ञ त्यांना वॉटर ट्री म्हणतात. 2007 साली अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने सगळ्या केंद्रांकडून अशा भूमिगत केबलच्या बिघाडांची माहिती मागवली, तेव्हा अडीचशेहून अधिक घटना पुढे आल्या. त्यातल्या कितीतरी केबल चाळीस वर्षांच्या परवान्याची मुदत संपण्याआधीच निकामी झाल्या होत्या. इथे टॅन डेल्टासारखी चाचणी इन्सुलेशन किती बिघडलं आहे ते आधीच सांगू शकते. आणि मॅनहोलमधलं पाणी वेळेवर उपसणं हा उपाय तर मोजमापाच्या कोणत्याही उपकरणाविना करता येतो.

गैरसमज 5: आगीचा धोका जुन्या केबलला. नवी केबल आणि दोन स्वतंत्र संच असले की चिंता नाही.

22 मार्च 1975 रोजी अलाबामातल्या ब्राउन्स फेरी केंद्रात भिंतीतून जाणाऱ्या केबलच्या भोकातून हवा गळते का, हे कामगार मेणबत्तीच्या ज्योतीने पाहत होते. भोक बुजवायला वापरलेल्या पॉलियुरेथेन फोमने पेट घेतला. आग सुमारे सात तास चालली आणि सोळाशेहून अधिक केबल खराब झाल्या. पहिल्या युनिटची आपत्कालीन शीतकरण यंत्रणा हातची गेली. हे युनिट व्यावसायिकरीत्या सुरू होऊन वर्षही झालेलं नव्हतं. एकमेकींना पर्याय म्हणून ठेवलेल्या यंत्रणांच्या केबल एकाच आगीच्या टप्प्यात होत्या, हे खरं दुखणं.

भारताने हाच धडा 31 मार्च 1993 च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा इथे घेतला. पहिल्या युनिटच्या टर्बाइनची दोन पाती तुटली, हायड्रोजन आणि तेलाने पेट घेतला आणि आग केबलच्या वाटेने पसरली. काही मिनिटांत केंद्राची सगळी वीज गेली, ती सुमारे सतरा तास. नियंत्रण कक्षात धूर भरला. अणुभट्टी वेळेत बंद झाली होती, पण तिची उरलेली उष्णता काढायची कशी? कर्मचाऱ्यांनी डिझेलवर चालणारे अग्निशमनाचे पंप सुरू करून बाष्पजनित्रांना पाणी पुरवलं. किरणोत्सर्ग बाहेर गेला नाही. अणुघटनांच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर या घटनेची नोंद तिसऱ्या पातळीवर झाली. त्यानंतर केबलचे मार्ग वेगळे करणं, मध्ये अग्निरोधक अडथळे घालणं, भिंतीतली भोकं योग्य साहित्याने बुजवणं यांवर भारतीय केंद्रांत भर दिला गेला. ज्वालारोधक केबल आग पसरू देत नाही, पण ती जळतच नाही असं नाही.

गैरसमज 6: चाळीस वर्षं झाली की सगळी केबल भंगारात.

चाळीस हा आकडा अमेरिकी परवान्याच्या मुदतीतून आला. इन्सुलेशनच्या रसायनाशी त्याचा संबंध नाही. तिथल्या बहुतेक केंद्रांना पुढे साठ वर्षांची परवानगी मिळाली आणि 2019 च्या डिसेंबरमध्ये फ्लोरिडातल्या टर्की पॉइंटला पहिल्यांदा ऐंशी वर्षांची. आरेखनात 50 अंश गृहीत धरले होते आणि प्रत्यक्षात 40 च निघाले, तर केबलला मोठं आयुष्य शिल्लक असतं. उलट तापट जागेतली केबल वीस वर्षांतही बदलावी लागते.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या पहिल्या दोन युनिटांनी 1969 साली वीज द्यायला सुरुवात केली. 2005-06 मध्ये ती बंद ठेवून मोठ्या सुधारणा झाल्या: नवे डिझेल जनित्र संच, पूरक नियंत्रण कक्ष आणि दोन्ही युनिटांच्या सामाईक यंत्रणांची फारकत. अशा जुन्या केंद्रात कोणती केबल कुठून जाते, ती केव्हा टाकली आणि तिच्याजवळ तापमान किती असतं, याची अद्ययावत नोंद असल्याशिवाय आयुर्मान ठरवताच येत नाही.

काही देशांत केबलचे जादा तुकडे मुद्दाम इमारतीतल्या खडतर जागी ठेवून देतात आणि ठरावीक वर्षांनी एकेक काढून ताणून पाहतात. बंद पडलेली केंद्रंही कामी येतात. अमेरिकेतलं झायन केंद्र 1998 मध्ये कायमचं बंद झालं. ते मोडताना प्रत्यक्ष सेवेत राहिलेली केबल काढून संशोधकांनी प्रयोगशाळेत नेली, कारण कागदावर मांडलेलं वार्धक्य आणि खरं वार्धक्य यांची तुलना अशाच केबलवर करता येते.