खर्जाच्या जोडीला वरचा सूर

वऱ्हाडातलं रिद्धपूर म्हटलं की आधी आठवतात गोविंदप्रभू, म्हाइंभटांचं लीळाचरित्र आणि महदंबेचे धवळे. 2024 मध्ये गावात मराठी भाषा विद्यापीठही सुरू झालं. बास गिटार वाजवणाऱ्याच्या पायाखालच्या पेडलशी या गावाचा काय संबंध, असं कोणीही विचारील. पण वऱ्हाडातल्या कुठल्याही भजनात बसून पाहावं. माणसं आणि बाया एकच चाल म्हणू लागतात तेव्हा बायांचा आवाज बहुधा बरोबर एक सप्तक वर जातो. सूर तोच, पण माणसांच्या गळ्यात सेकंदाला साधारण 140 आंदोलनं असली तर बायांच्या गळ्यात 280. बास वाजवणारा ‘ऑक्टेव्ह-अप’ पेडल घेतो ते याच दुपटीसाठी.

पेटी बनवणाऱ्यांनी ही दुप्पट फार आधी लाकडात बसवली आहे. खर्ज, नर आणि मादी अशा सुरांच्या रांगा पेटीत असतात आणि प्रत्येक रांग आधीच्या रांगेपेक्षा एक सप्तक चढी. नर-मादीच्या पेटीवर एक पट्टी दाबली की दोन सूर एकदम बोलतात. कपलरची पेटी याहून वेगळ्या रीतीने काम करते. तिच्यात एक पट्टी दाबली की आतल्या तारेच्या जोडणीने सप्तकभर अंतरावरची दुसरी पट्टीही आपोआप दबते. दोन्ही प्रकारांत हवा जास्त लागते, भाता जोरात चालवावा लागतो. कपलर लावला की पट्ट्या बोटाला जड लागतात, म्हणून जलद ताना घेणारे वादक तो काढून ठेवतात. वरचा सूर फुकट मिळत नाही, हे पेटीवाल्याला पक्कं ठाऊक असतं. पेडल विकत घेणाऱ्याला ते सहसा नंतर कळतं.

बास गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला 41 वेळा थरथरते. तिला दुप्पट केलं की 82, आणि साध्या गिटारची सर्वांत जाड तार नेमकी तिथेच असते. म्हणजे बासचा आवाज एक सप्तक वर नेला की वादक थेट गिटारच्या पट्टीत पोचतो. ब्रायटनच्या ‘रॉयल ब्लड’ या जोडगोळीने याच गोष्टीवर आपला बँड उभा केला. माइक कर बास वाजवतो, जोडीला एक ड्रमवाला, गिटार नाहीच. करच्या बासचा एक भाग सप्तक वर जाऊन गिटारच्या अँपमधून बाहेर पडतो आणि उरलेला भाग खर्ज सांभाळतो. 2014 साली त्यांचा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. याच्या बरोबर उलटा खेळ गिटारवादक जॅक व्हाइटने 2003 च्या ‘सेव्हन नेशन आर्मी’त केला होता. त्या गाण्यातली प्रसिद्ध धून बासची वाटते, पण ती पेडलने खाली उतरवलेली गिटार आहे.

वरचा सूर आणायचा कुठून, हा पेडलच्या निवडीतला खरा प्रश्न. स्वीडनच्या हागस्ट्रॉम कंपनीने 1967 मध्ये आठ तारांचा बास काढला आणि त्यात प्रत्येक जाड तारेशेजारी सप्तकभर चढी बारीक तार बसवली. नर-मादीच्या पेटीचाच हा भाऊबंद. पेडलला मात्र दुसरी तार नसते. त्याला एकाच तारेच्या आवाजातून दुसरा सूर काढावा लागतो, आणि तो काढण्याच्या दोन तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा जुनी, आडदांड आणि गमतीची. आवाजाची लाट वर जाते, मग खाली येते. खाली जाणारा अर्धा भाग उलटा करून वर उचलला की तेवढ्याच वेळात एकाऐवजी दोन शिखरं होतात आणि सूर दुप्पट होतो. रॉजर मेयरने गिटारवादक जिमी हेंड्रिक्ससाठी बनवलेलं ऑक्टाव्हिया याच पंथातलं. 1967 च्या ‘पर्पल हेझ’ या गाण्यातला तो चिरका, फाटका सोलो त्यातूनच निघाला. सर्किट साधं असतं, वीज कमी लागते, आवाजाला उशीर मुळीच होत नाही. पण दोन तारा एकदम छेडल्या की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नको ते सूर बाहेर पडतात. शिवाय जाड तारेवर वरचा सूर नीट उमटत नाही. बाराव्या पडद्याच्या पुढे, मानेजवळचा पिकअप लावून आणि टोनची खुंटी उतरवून वाजवलं तरच तो स्पष्ट होतो. बासवाल्याचं बहुतेक काम पहिल्या पाच पडद्यांत चालतं, हे लक्षात घेतलं तर अशा पेडलचा उपयोग सोलोपुरताच.

दुसरी तऱ्हा डिजिटल. 1989 मध्ये डिजिटेकचं व्हॅमी आलं. त्यावर पाय दाबून सूर मींडेसारखा वर सरकवता येतो. 2005 मध्ये इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं पॉग आलं आणि एकाच वेळी अनेक तारांचे सूर सप्तक वर नेऊ लागलं. त्याच्या छोट्या भावाला, मायक्रो पॉगला, तीनच खुंट्या आहेत: मूळ आवाज, खालचं सप्तक, वरचं सप्तक. बाहेर पडायच्या वाटा मात्र दोन आहेत, एक कोऱ्या आवाजाची आणि एक पेडलच्या आवाजाची. करसारखे दोन अँप वापरायचे तर ही सोय फार मोलाची. 2020 च्या बॉस ओसी-5 मध्येही वरच्या सप्तकाची खुंटी आहे, आणि गिटार की बास हे सांगायचं बटणही.

डिजिटलची अडचण वेळेची आहे. 41 आंदोलनांची एक लाट पुरी व्हायलाच जवळजवळ 24 मिलिसेकंद लागतात. जे पेडल आधी सूर ओळखतं आणि मग वर नेतं, त्याला जाड तारेवर थोडं थांबावंच लागतं. सर्वांत बारीक तारेवर हेच थांबणं सुमारे 10 मिलिसेकंदांचं. ढोलकीच्या थापेला चिकटून चालणाऱ्या बासला एवढा उशीरही खटकतो. म्हणून ‘सगळ्या तारांवर सारखं चालतं’ या जाहिरातीवर जाऊ नये.

वऱ्हाडातल्या ऑर्केस्ट्रावाल्याला मात्र वरच्या सप्तकाचा एक निराळाच फायदा आहे. मंडपातल्या भोंग्यातून 41 आंदोलनांचा खर्ज बाहेर पडतच नाही, मोबाइलवरच्या व्हिडिओत तर नाहीच नाही. वरचं सप्तक थोडं मिसळलं की बासची चाल मागच्या रांगेपर्यंत कळते. तेवढ्यासाठी महागडं पेडल हवंच असंही नाही. हलकं ओव्हरड्राइव्ह लावलं तरी वरचे अंश उठतात आणि कान हरवलेला खर्ज आपणच भरून काढतो. गिटारवाला आधीच हजर असेल तर आधी हाच स्वस्त उपाय करून पाहणं शहाणपणाचं.

तरीही पेडल घ्यायचंच असेल तर एक गोष्ट सोडू नये: मूळ आवाजाची खुंटी वेगळी हवी. वरचं सप्तक आलं आणि खर्ज गेला तर बासवाल्याला मंचावर बोलावलं कशाला? आवाजाची पातळी सारखी राखणारा कॉम्प्रेसर असेल तर तो पेडलच्या आधी आणि आवाज फाडणारा फझ नंतर जोडावा, म्हणजे सूर ओळखणं सोपं जातं. डिजिटल पेडल बॅटरी लवकर संपवतात. म्हणून 9 व्होल्टचा, पेडलला लागेल तेवढा करंट देणारा अ‍ॅडॅप्टर बरोबर ठेवावा, आणि जनरेटरवरच्या कार्यक्रमात प्रत्येक पेडलला वीज वेगळी मिळेल अशी सोय करावी, नाहीतर घरघर सुरू होते.

दुकानात पारखताना बहुतेक जण बाराव्या पडद्यावर बोटं नाचवतात. तिथे कुठलंही पेडल गोडच वाजतं. मूळ आवाज पूर्ण बंद करून सर्वांत जाड तार मोकळी छेडावी, ती विझेपर्यंत ऐकावी आणि शेवटाला सूर थरथरतो का, उडी मारतो का ते पाहावं. मग तीच तार जलद लयीत वाजवावी, मग दोन तारा एकदम. शेवटी मूळ आवाज परत आणून दोन्ही सूर एकाच क्षणी सुटतात का ते ऐकावं. ऑनलाइन मागवणाऱ्याने विकणाऱ्याकडून याच चार गोष्टींचं रेकॉर्डिंग मागावं आणि ते हेडफोनवर ऐकावं, कारण मोबाइलच्या स्पीकरवर जाड तार ऐकूच येणार नाही.